स्वयंपूर्ण शेतघर आणि काचेची बरणी : अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातील गृहजीवनाचा अभ्यास (१८६२–१९४५)

१

स्वयंपूर्ण शेतघर ही अमेरिकेच्या राष्ट्रीय कल्पनाविश्वातील एक दृढमूल प्रतिमा आहे. स्वतःच्या जमिनीवर बांधलेले घर, गोठ्यात दोन-तीन गाई, घरामागे परसबाग, अंगणात कोंबड्या आणि तळघरातील फळ्यांवर भाज्या-फळांनी भरलेल्या काचेच्या बरण्यांच्या रांगा, असे हे चित्र आहे. त्यातील कुटुंब कोणाचे मिंधे नसते. जे लागते ते पिकविते, आणि पिकविलेले टिकवून हिवाळा काढते. राजकीय भाषणांतून, शालेय पुस्तकांतून व चित्रांतून ही प्रतिमा इतक्या वेळा पुढे आलेली आहे की, तिच्याकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहण्याची आवश्यकता सहसा भासत नाही.

तथापि या प्रतिमेविषयी दोन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. ही स्वयंपूर्णता प्रत्यक्षात कितपत होती, हा पहिला. आणि ती जेवढी होती तेवढी कोणाच्या श्रमावर उभी होती, हा दुसरा. प्रस्तुत निबंधात या प्रश्नांचा विचार गाय, परसबाग आणि बरणी या तीन गोष्टींच्या आधारे केला आहे. कालमर्यादा १८६२ च्या होमस्टेड कायद्यापासून दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंतची, आणि प्रदेश मुख्यतः नेब्रास्का, कॅन्सस व डाकोटा या मैदानी भागाचा आहे. परंतु बरणीचा इतिहास या प्रदेशाच्या सीमेत मावणारा नसल्यामुळे, प्रसंगी इतर राज्यांतील घटनांचाही परामर्श घेणे क्रमप्राप्त होते.

२

अध्यक्ष लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी होमस्टेड कायद्यावर स्वाक्षरी केली. एकवीस वर्षे वयाच्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या नागरिकास, तसेच नागरिकत्व घेण्याचा मनोदय जाहीर करणाऱ्या परदेशीयास, सरकारी जमिनीपैकी १६० एकर जमीन या कायद्याने मागता येत असे. पाच वर्षे तेथे राहणे, घर बांधणे व जमीन कसणे या अटी होत्या, आणि सर्व मिळून सुमारे १८ डॉलर शुल्क पडे. अविवाहित स्त्रियांना व विधवांनाही हा हक्क होता. विवाहित स्त्रीला मात्र, ती कुटुंबप्रमुख मानली जात नसल्याने, सामान्यतः तो नव्हता. पुढील शंभराहून अधिक वर्षांत या व्यवस्थेखाली सुमारे १६ लाख मालकीपत्रे देण्यात आली आणि सुमारे २७ कोटी एकर जमीन खाजगी मालकीत गेली.

महाराष्ट्रातील वाचकास १६० एकर हे क्षेत्र लहान वाटणार नाही. परंतु पर्जन्यमान जसजसे पश्चिमेकडे घटत जाते, तसतसे तेवढ्या जमिनीत कुटुंबाचा निर्वाह होणे कठीण झाले. म्हणूनच १९०९ साली ही मर्यादा कोरडवाहू प्रदेशासाठी ३२० एकर करावी लागली. शिवाय गव्हाचे किंवा मक्याचे शेत आणि घराभोवतीची एक-दोन एकरांची जागा यांत फरक करणे आवश्यक आहे. शेतातील पीक मुख्यतः बाजारासाठी असे, तर घराभोवतीच्या जागेतून घराचे पोट भरे. दुष्काळ, गारपीट किंवा बाजारभावाची घसरण यांनी शेत बुडाले, तरी ही आतली जागा कुटुंबाला तगवून धरी. या आतल्या जागेचा कारभार बहुतांशी स्त्रियांकडे होता.

ही भूमी रिकामी नव्हती, हेही येथे नमूद केले पाहिजे. मिसुरी नदीच्या काठी मंडन, हिदात्सा व अरिकारा या जमातींच्या स्त्रिया मका, घेवडा, भोपळा व सूर्यफूल यांच्या बागा पिढ्यान्‌पिढ्या करीत होत्या. भोपळ्याच्या चकत्या वाळवून आणि मका जमिनीतील खोल पेवांत साठवून त्या हिवाळ्याची तरतूद करीत. बफेलो बर्ड वुमन या नावाने ज्ञात असलेल्या हिदात्सा स्त्रीने ही सारी पद्धती गिल्बर्ट विल्सन या संशोधकास तपशीलवार सांगितली, आणि ती १९१७ साली मिनेसोटा विद्यापीठाने प्रसिद्ध केली. नव्या वसाहतवाल्यांच्या परसबागांत या बागांतले बियाणेही आले. बिस्मार्क येथील बियाण्यांचे व्यापारी ऑस्कर विल यांनी या जमातींकडील मक्याच्या व घेवड्याच्या जाती मिळवून त्यांची विक्री केली. ज्यांचे बियाणे घेतले त्यांची जमीन मात्र करारांनी व कायद्यांनी सतत आकुंचित होत गेली, आणि १९५३ साली पूर्ण झालेल्या गॅरिसन धरणाने फोर्ट बर्थोल्ड येथील त्यांची दीड लाख एकरांहून अधिक जमीन, त्यातील नदीकाठच्या सुपीक मळ्यांसह, घेतली. स्वयंपूर्ण शेतघराच्या चित्रात हा पूर्वेतिहास दिसत नाही.

३

शेतघराच्या दिवसाची चौकट गाय ठरवीत असे. साधारणपणे बारा तासांच्या अंतराने दोनदा धार काढावी लागे, आणि या कामाला रविवार किंवा सण नसे. वर्षाची चौकटही तिचीच होती. गाय वसंतात व्याली म्हणजे कोवळ्या गवतावर मे-जूनमध्ये दुधाचा सुकाळ होई. पुढे दूध कमी होत जाई आणि पुढील वेतापूर्वी सुमारे दोन महिने गाय आटे. त्यामुळे ज्या ऋतूत दूध-लोणी टिकविणे सर्वांत कठीण, त्याच ऋतूत ते सर्वांत अधिक असे. उन्हाळ्यात लोण्याचा भाव पडे आणि हिवाळ्यात चढे, याचे कारण हेच होय.

भारतीय पद्धतीत दुधाला विरजण लावून दही घुसळतात. तिकडे दूध उथळ पसरट भांड्यांत थंड जागी एक-दीड दिवस ठेवून वर आलेली साय काढून घेत, ती थोडी आंबू देत आणि मग लाकडी घुसळणीत घुसळीत. लोणी गोळा झाल्यावर ते थंड पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन त्यातील ताक काढून टाकणे महत्त्वाचे असे. ताक राहिल्यास लोणी लवकर खवट होई. त्यानंतर मीठ मळून ते साच्यात दाबीत किंवा दगडी भांड्यात भरीत. शंभर पौंड दुधातून साधारणतः साडेचार-पाच पौंड लोणी निघे. उरलेले दूध व ताक डुकरांना व कोंबड्यांना जाई.

हे लोणी आणि अंडी गावातील दुकानात देऊन त्यांच्या बदल्यात कॉफी, साखर, कापड व दिव्याचे तेल आणले जाई. 'लोण्या-अंड्यांचा पैसा' असा शब्दप्रयोगच तिकडे रूढ होता, आणि तो पैसा घरधनिणीचा मानला जाई. गव्हाचा पैसा वर्षातून एकदा येई व तो कर्जाच्या हप्त्यात आणि अवजारांत जाई. घरातील रोजचा खर्च भागे तो या लहानशा पण नियमित उत्पन्नावर. म्हणजे ज्या घराला स्वयंपूर्ण म्हटले जाते ते घर प्रत्येक आठवड्यास बाजाराशी व्यवहार करीत होते, आणि तो व्यवहार मुख्यतः स्त्रीच्या हातून होत होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या व्यवस्थेत यंत्राने प्रवेश केला. स्वीडनचे गुस्ताफ द लावाल यांनी १८७८ मध्ये दुधातून साय अलग करणारे फिरते यंत्र सिद्ध केले, आणि पुढे त्याचे हाताने फिरविण्याचे लहान रूप शेतघरांत पोहोचले. विस्कॉन्सिन विद्यापीठातील स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० मध्ये दुधातील स्निग्धांश मोजण्याची सोपी कसोटी शोधून काढली. दुधात गंधकाम्ल मिसळून ते मिश्रण फिरविले म्हणजे वर येणारा स्निग्धांश बाटलीच्या मानेवरील खुणांवर वाचता येई. बॅबकॉक यांनी या शोधाचे एकस्व घेतले नाही. दुधात पाणी घालणाऱ्याचे पितळ या कसोटीने उघडे पडले, आणि प्रामाणिक उत्पादकास योग्य मोबदला मिळू लागला. परंतु याच दोन साधनांमुळे साय रेल्वेने लोणी-कारखान्याकडे पाठविणे शक्य झाले. घरचे घुसळणे थांबले, श्रम कमी झाले. त्याबरोबरच जो पैसा दुकानातून स्त्रीच्या हाती येत असे, तो अनेक घरांत कारखान्याच्या धनादेशाच्या रूपाने पुरुषाच्या नावे येऊ लागला. यंत्राने दिलेला लाभ व यंत्राने नेलेला अधिकार एकाच खात्यात मांडल्याशिवाय या बदलाचे मोल कळत नाही.

४

मैदानी प्रदेशातील परसबागेस निसर्ग फार थोडा अवधी देतो. शेवटचे हिमतुषार मे महिन्यात पडतात आणि पहिले सप्टेंबर-ऑक्टोबरात. मधल्या चार-पाच महिन्यांत वर्षाची भाजी पिकवावयाची असते. मुळा, वाटाणा व कांदा आधी. घेवडा, मका, काकडी, टोमॅटो व भोपळा नंतर. बटाटा, गाजर व कोबी हिवाळी साठ्यासाठी, असा साधारण क्रम असे. विहिरीपासून पाणी वाहून आणून झाडे जगवावी लागत. १८७४ मध्ये कॅन्सस व नेब्रास्का भागांत टोळधाडीने शेतांबरोबर बागाही फस्त केल्या, आणि १९३४ व १९३६ च्या अवर्षणांत विहिरीच्या पाण्यावर राखलेली बाग हाच अनेक घरांचा आधार उरला.

वर्षाची बेगमी ही कल्पना महाराष्ट्रीय गृहिणीस परिचित आहे. उन्हाळ्यात पापड, सांडगे व कुरडया वाळवून आणि लोणची घालून पावसाळ्याची तरतूद केली जाते. ऊन, मीठ, तेल व साखर ही आपल्याकडील टिकविण्याची साधने होत. अमेरिकेच्या शेतघरातही १८६० पूर्वी अशीच साधने होती. सफरचंदाच्या फोडी वाळवीत, कोबी खारवून आंबवीत, मांस खारवीत व धुरवीत; आणि कंदमुळे जमिनीखालच्या तळघरात ठेवीत. शिजविलेली भाजी किंवा फळ आपल्या मूळ चवीनिशी महिनोन्‌महिने काचेत ठेवणे ही गोष्ट मात्र या परंपरेत नव्हती. आज जी पद्धत आजीच्या काळापासूनची म्हणून ओळखली जाते, ती वस्तुतः कारखान्याच्या युगाचे अपत्य आहे.

५

हवाबंद भांड्यात अन्न उष्णता देऊन टिकविण्याची पद्धत फ्रान्समधील निकोला आपेर यांनी शोधली. याबद्दल त्यांना सरकारकडून १२ हजार फ्रँकचे पारितोषिक मिळाले, आणि १८१० मध्ये त्यांनी आपली कृती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. आपेर बाटल्यांना बूच व लाख लावीत. पुढे कथिलाचे डबे आले. परंतु ते डाख देऊन बंद करावे लागत असल्याने घरोघरी वापरणे सुलभ नव्हते.

ही अडचण एका टिनकाम करणाऱ्या कारागिराने दूर केली. जॉन लँडिस मेसन यांनी ३० नोव्हेंबर १८५८ रोजी काचेच्या बरणीच्या तोंडावर आटे पाडण्याच्या युक्तीचे एकस्व मिळविले. या आट्यांवर जस्ताचे झाकण फिरवून घट्ट बसे, आणि त्याखालील रबराच्या कड्याने हवा आत येणे थांबे. बरणी पुन्हा पुन्हा वापरता येई. एकस्वाची मुदत संपल्यावर अनेक कारखानदार या उद्योगात उतरले. बॉल बंधूंनी १८८० नंतरच्या दशकात बफेलो येथे बरण्यांचे उत्पादन सुरू केले आणि १८८७ मध्ये इंडियानातील मन्सी येथे कारखाना हलविला. कारण तेथे भट्ट्यांसाठी नैसर्गिक वायू मुबलक मिळत होता. उत्पादन वाढून भाव उतरले, रेल्वेने माल दूरवर जाऊ लागला, आणि मैदानी प्रदेशातील घरांनाही बरणी परवडू लागली. स्वतः मेसन यांना आपल्या शोधापासून संपत्ती लाभली नाही. १९०२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांची स्थिती हलाखीचीच होती.

बरण्या भरण्याचे काम ऑगस्टच्या उकाड्यात येई. लाकडाची किंवा कोळशाची चूल दिवसभर पेटती ठेवून कपडे उकळण्याच्या मोठ्या भांड्यात बरण्या मांडीत. टोमॅटो उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून सोलणे, चिरणे, भरणे, झाकण लावणे आणि पाणी सतत उकळत ठेवणे हा क्रम अनेक दिवस चाले. भाजी तयार झाली की ती थांबत नाही, म्हणून गाईची धार, स्वयंपाक, धुणे व मुले यांत कोणतीही सवलत न मिळता हे काम वाढीव म्हणूनच करावे लागे. तळघरातील बरण्यांची रांग हे या आठवड्यांचे दृश्य फळ होय. त्यामागील पाण्याच्या बादल्या व लाकडाचे भारे मागे कोणतीच खूण ठेवीत नाहीत.

६

बरणीने एक नवे संकटही घरात आणले. बहुतेक फळे आंबट असल्यामुळे उकळत्या पाण्याची उष्णता त्यांना पुरते. घेवडा, मका, वाटाणा व मांस यांत आम्लता कमी असते. अशा अन्नात, हवा नसलेल्या जागी, बोट्युलिनम नावाचा जंतू वाढून अत्यंत जहाल विष निर्माण करू शकतो, आणि त्याचे बीजाणू उकळण्याने सहज मरत नाहीत. कॅलिफोर्नियातील एस्टी व मायर यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनुसार १०० अंश सेल्सियसला हे बीजाणू पाच तासांहून अधिक काळ तग धरू शकतात, तर सुमारे १२० अंशांवर ते काही मिनिटांत नष्ट होतात. एवढे तापमान केवळ वाफेच्या दाबानेच साधते. त्यातच हा मैदानी प्रदेश पश्चिमेकडे चढत जातो. पश्चिम नेब्रास्कात अनेक ठिकाणची उंची १,२०० मीटरपेक्षा अधिक असून तेथे पाणी १०० अंशांच्या आतच उकळते. म्हणजे पूर्वेकडील आईने शिकविलेली कृती तंतोतंत पाळूनही मुलीच्या नव्या घरी ती अपुरी ठरण्याचा संभव होता. १९२४ मध्ये ऑरेगन राज्यातील ऑल्बनी येथे घरी बरणीत भरलेल्या घेवड्यामुळे एकाच कुटुंबमेळ्यातील बारा माणसे दगावली. परंपरागत अनुभव येथे पुरा पडत नव्हता. या घरांना प्रयोगशाळेतील ज्ञानाची गरज होती.

ते ज्ञान पोहोचविणारी यंत्रणा याच काळात उभी राहिली. होमस्टेड कायद्याच्याच वर्षी, १८६२ मध्ये, केंद्रीय कृषिखात्याची स्थापना झाली होती आणि मॉरिल कायद्याने राज्यांना कृषी व तंत्र महाविद्यालयांसाठी जमिनी दिल्या होत्या. १९१० मध्ये साउथ कॅरोलायनातील एकेन परगण्यात मारी क्रोमर या शिक्षिकेने मुलींचे टोमॅटो मंडळ काढले. प्रत्येक मुलीने एक दशांश एकरात टोमॅटो लावावा, पीक डब्यांत भरून विकावे आणि हिशेब स्वतः ठेवावा, अशी ही योजना होती. थोड्याच वर्षांत ती दक्षिणेत सर्वत्र पसरली. तिच्यातूनच, १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्यानंतर, प्रत्येक परगण्यात गृहविज्ञान शिकविणाऱ्या स्त्री-प्रसारिका नेमण्याची प्रथा दृढ झाली. मात्र या कायद्याचा निधी कोणत्या महाविद्यालयास द्यावा हे राज्य विधिमंडळांनी ठरवावयाचे असल्याने, दक्षिणेत तो गोऱ्यांच्या संस्थांकडेच गेला. कृष्णवर्णीय प्रसारिकांना वेगळ्या व दुय्यम व्यवस्थेत अपुऱ्या साधनांनी काम करावे लागले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर ही विभागणी औपचारिक रीत्या संपली.

शेतघरातील स्त्रियांचे स्वतःचे म्हणणे काय होते, याचाही पुरावा उपलब्ध आहे. कृषिमंत्री डेव्हिड ह्यूस्टन यांच्या खात्याने १९१३ मध्ये सुमारे ५५ हजार शेतकरी गृहिणींना पत्रे पाठवून खात्याने त्यांच्यासाठी काय करावे अशी पृच्छा केली. दोन हजारांहून अधिक उत्तरे आली, आणि त्यांतील उतारे १९१५ मध्ये चार अहवालांत छापले गेले. शेतासाठी यंत्रे घेतली जातात पण घरात पाण्याचा नळ येत नाही, ही त्यांतील एक ठळक तक्रार होय. १९१९ साली खात्याने उत्तर व पश्चिमेकडील राज्यांतील सुमारे दहा हजार शेतघरांची पाहणी केली. फ्लॉरेन्स वॉर्ड यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या तिच्या निष्कर्षांनुसार या स्त्रियांचा कामाचा दिवस वर्षाच्या सरासरीने अकरा तासांहून अधिक, आणि उन्हाळ्यात तेरा तासांचा होता. दर पाच स्त्रियांपैकी तिघी पाणी बाहेरून वाहून आणीत. पाचांपैकी चौघी कोंबड्या सांभाळीत. निम्म्याहून अधिक बागेचे काम करीत. आणि एक तृतीयांशाहून अधिक धार काढण्यास हातभार लावीत. स्वयंपूर्णतेची किंमत या आकड्यांत स्पष्ट दिसते.

७

१९३० नंतरच्या मंदीत आणि त्यानंतरच्या युद्धात बरणी हा राष्ट्रीय धोरणाचा विषय झाला. १९३७ मध्ये स्थापन झालेले शेतीसुरक्षा प्रशासन गरीब शेतकरी कुटुंबांना कर्ज देताना घराच्या अन्नाची योजना करण्याचा आग्रह धरी, आणि वाफेच्या दाबाचे भांडे घेण्यासाठीही साहाय्य करी. या प्रशासनाच्या छायाचित्रकारांनी काढलेली, बरण्यांच्या फळ्यांसमोर उभ्या असलेल्या गृहिणींची छायाचित्रे आता लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन केलेली आहेत. इतिहासाचे साधन म्हणून ती मोलाची असली, तरी ती योजनेचे यश दाखविण्यासाठी काढलेली होती, याचे भान ठेवले पाहिजे. त्यांत भरलेल्या बरण्या दिसतात; त्या भरणाऱ्या स्त्रीचा दिवस सहसा दिसत नाही. १९३५ च्या सुमारास दहांपैकी जेमतेम एका शेतघरात वीज होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या दिवसाची कल्पना येते.

युद्धकाळात डबाबंद अन्न सैन्याकडे जाऊ लागल्याने नागरिकांना बागा करण्याचे व बरण्या भरण्याचे आवाहन करण्यात आले. १९४२ पासून साखरेवर नियंत्रण आले, तरी बरण्या भरण्यासाठी तिचा वेगळा वाटा राखून ठेवला होता. १९४३ या एका वर्षात घरी भरलेल्या बरण्यांची संख्या चार अब्जांच्या घरात गेल्याचा अंदाज आहे. घरगुती टिकवणीचा हा उच्चांक स्वयंपूर्णतेच्या काळातील नव्हे, हे विशेष होय. राष्ट्राची सर्व यंत्रणा एकवटलेली असताना, सरकारी पत्रके, कारखान्यातील काच, नियंत्रित साखर व स्त्रियांचे श्रम यांच्या संयोगाने तो गाठला गेला. युद्धानंतर वीज, शीतपेटी व मोटारगाडी शेतघरात आल्या, आणि बरणी हळूहळू गरजेच्या कोटीतून आवडीच्या कोटीत गेली.

८

या विवेचनावरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. अमेरिकेतील शेतघर आपले बरेचसे अन्न पिकवीत असे, यात शंका नाही. परंतु ते टिकविण्याचे साधन मन्सीच्या भट्टीतून, रबराचे कडे समुद्रापलीकडून, आणि ते सुरक्षित ठेवण्याचे ज्ञान विद्यापीठातून येत होते. याची साक्ष पुढील काळानेही दिली. १९७५ मध्ये, परसबागांची लाट आलेली असताना, बरण्यांच्या झाकणांचा देशभर तुटवडा पडला. आणि २०२० च्या महासाथीत त्याच प्रसंगाची पुनरावृत्ती झाली. बागेत टोमॅटो पिकला होता, भांडे चुलीवर चढविलेले होते, आणि पत्र्याच्या लहानशा चकतीवाचून काम अडून राहिले होते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक गंभीर आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाचे पहिले विस्तृत गणित सायमन कुझ्नेट्स यांनी १९३४ मध्ये सिनेटला सादर केले, आणि त्यात गृहिणींच्या सेवा जाणूनबुजून वगळल्या. पुढे रूढ झालेल्या लेखापद्धतीत शेतावर पिकून शेतावरच खाल्लेल्या मालाची अंदाजी किंमत धरली जाते. म्हणजे बागेतील टोमॅटो राष्ट्राच्या हिशेबात येतो. तो सोलून, शिजवून, बरणीत भरून हिवाळ्यापर्यंत पोहोचविणारी गृहसेवा येत नाही. तेच काम कारखान्यात झाले म्हणजे ते उत्पादन ठरते. १९३४ मध्येच आयोवा राज्य महाविद्यालयातील मार्गारेट रीड यांनी घरगुती उत्पादनाचे अर्थशास्त्र या विषयावरील आपल्या ग्रंथात एक साधी कसोटी मांडली. जे काम मजुरी देऊन दुसऱ्याकडून करवून घेता येते, ते उत्पादक काम होय. शेतघरांच्या मुलखात, शेतघरांसाठीच स्थापन झालेल्या संस्थेत ही कसोटी मांडली जावी, यात आश्चर्य नाही. तिच्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. आंतरराष्ट्रीय लेखापद्धतीच्या १९९३ च्या आवृत्तीत घरचे लोणी व चीज, फळे वाळविणे व बाटलीबंद करणे, आणि पाणी वाहणे ही कामे उत्पादनाच्या मर्यादेत स्पष्टपणे नोंदली गेली. त्या वेळी बहुतेक शेतघरांतील घुसळणी वस्तुसंग्रहालयात गेलेल्या होत्या.

हा प्रश्न एका देशापुरता नाही. भारताच्या राष्ट्रीय नमुना पाहण्यांत घरकामाबरोबरच घरच्या वापरासाठी भाजी, जळण व वैरण गोळा करणाऱ्या किंवा शिवणकाम करणाऱ्या व्यक्तींची नोंद ९३ या संकेतांकाखाली होते, आणि तो वर्ग श्रमशक्तीच्या बाहेर धरला जातो. या वर्गात मोठी बहुसंख्या स्त्रियांची आहे. महाराष्ट्रातील ज्या घरात एखादी गाय, परसातील चार वाफे आणि वर्षाची बेगमी आहे, त्या घरातील स्त्रीही पुष्कळदा याच रकान्यात जाते.

स्वयंपूर्ण शेतघराचे गौरवचित्र काढताना इतिहासकाराने म्हणून तळघरातील बरण्यांबरोबरच विहिरीपासून चुलीपर्यंतचे अंतरही मोजले पाहिजे. १९१३ मध्ये ज्या स्त्रियांना आपले म्हणणे विचारले गेले, त्यांनी आपल्या उत्तरांत घरात पाणी मागितले होते. त्यांच्या श्रमाची नोंद करण्याचे काम मात्र त्यांच्यामागून येणाऱ्या अभ्यासकांकडे राहिले आहे.